वय झालं!

आमच्या कोल्हारात डॉक्टर मोजकेच आहेत. निदान करणारे मात्र घरटी एक धरा. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाचा ग्लास उचलताना तुमचा हात जरा थरथरला, की शेजारच्या टेबलावरून निदान येतं. पोटात दुखलं, गॅस. छातीत दुखलं, गॅस. पाठीत चमक भरली, तरी गॅसच फिरतोय. मात्र माणूस साठीच्या पलीकडचा असला, की गॅसही मागं पडतो आणि सगळ्या आजारांना मिळून एकच निदान होतं : 'वय झालं!' या निदानाला फी पडत नाही, रक्त काढावं लागत नाही, औषध नाही, पथ्य नाही. शिवाय ते कधी खोटं ठरत नाही. कारण ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याचं वय खरोखरच झालेलं असतं!

मी स्वतः हे निदान दिवसातून निदान चारदा ऐकतो. मधल्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही म्हणून कपाटाकडे बघत उभा राहतो. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो. परवा तर मोबाईलवर मेहुण्याशी बोलता बोलता, "थांबा हं, माझा मोबाईल सापडत नाहीये," असं मी त्यालाच सांगितलं. आणि तोही माझ्याच वयाचा असल्यामुळे, "सापडला की फोन करा," म्हणून त्यानं बंद केला. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेही मला मनापासून मान्य आहे. पण पत्ता लिहिताना हात आपल्या जुन्या वाटेनं 'अहमद'पर्यंत जातो आणि मग खाडाखोड करावी लागते. बँकेत ३६ वर्षं नोकरी करून, इतरांच्या खाडाखोडीवर सही मागून मी गावी परतलो. आता माझ्याच खाडाखोडीवर सौभाग्यवती शेरा मारतात : "अहो, वय झालं तुमचं!"

पण ही गोष्ट माझी नाही. ती आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची आहे. ती घडली २०२२ ची दिवाळी आणि २०२३ ची संक्रांत यांच्या दरम्यान. अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे होते.

अण्णांची स्मरणशक्ती हा आमच्या गावात दाखल्याचा विषय होता. तलाठ्याच्या दप्तरात सापडलं नाही तर लोक अण्णांकडे येत. १९७२ च्या दुष्काळात कोणाची विहीर किती परस आटली होती, कोणाच्या लग्नात कोण जावई रुसला होता, कोणी कोणाची पहार नेऊन परत केलेली नाही, हे सगळं त्यांच्याजवळ बांधावरच्या खुणेसकट असायचं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या पाटाला कोणत्या साली कोणत्या तारखेला सुटलं, हे ते पाटकऱ्याला सांगत. आणि १९६८ साली भगवतीच्या यात्रेत मी बारा वर्षांचा असताना त्यांनी मला दिलेले आठ आणे मी पाळण्यात बसून हरवले, हे ते मला दरवर्षी यात्रेला न चुकता सांगत. ३६ वर्षं लोकांचे लाखो रुपये बिनचूक मोजले, त्याचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही.

आमचं घर जुनं. आतल्या कोठीच्या खोलीचा दरवाजा इतका ठेंगणा, की आत जायचं तर वाकूनच. चोर आला तर त्यानं आधी मान खाली घालावी, म्हणून पूर्वजांनी तो तसा केला असं सांगतात. चार पिढ्यांत चोर एकही आला नाही. डोकी मात्र सगळी घरचीच आपटली. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णा तांब्याचं घंगाळ काढायला आत गेले आणि बाहेर येताना गणेशपट्टीला त्यांचं डोकं थडकलं. आवाज चांगला घसघशीत आला. रक्त नाही, चक्कर नाही, नुसतं टेंगूळ. वहिनींनी हळद लावली. अण्णांनी चौकटीला दोन शिव्या घातल्या. मग वर गणपती आहे हे आठवून हात जोडले. पोरं हसली. पूजा झाली, फटाके झाले, फराळ झाला आणि टेंगूळ आठवड्यात बसलं. आम्ही ते विसरलो. आमच्या घरात डोकं आपटणं ही काही लक्षात ठेवण्याजोगी घटना नव्हती.

महिन्याभरानं अण्णा बदलायला लागले. पहिल्यांदा ते एकच गोष्ट दोनदा सांगू लागले. पण ते आधीपासूनच सांगत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सकाळी उठलं की डोकं जड आहे म्हणत. दुपारची झोप वाढली. पुढं सकाळचीही लागली. एकदा मळ्यातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. डावी चप्पल वाटेत कुठं तरी निसटली होती आणि निसटल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. पोरांनी ती चारीच्या कडेला शोधून आणली आणि घरभर हसू झालं. एके दिवशी मात्र ओट्यावर बसले असताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, पाणी सुटलं का पाटाला?" दादा म्हणजे आमचे वडील. ते जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्या दिवशी हसू आलं नाही.

गावात निदान झालं. पहिल्या टेबलावर, दुसऱ्या टेबलावर, पानाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे एकच. आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनीही तेच सांगितलं, फक्त त्याबरोबर एक टॉनिकची बाटली दिली.

या निदानावर शास्त्राचा शिक्का मारण्याचं काम मी केलं. तरुणपणी एका मासिकात मी वाचलं होतं, की माणसाच्या मेंदूतल्या रोज एक लाख पेशी मरतात आणि त्या पुन्हा कधी उगवत नाहीत. हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं होतं. असलं ज्ञान कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. मी पुतण्याला बसवून हिशेब समजावला : "रोज एक लाख. आवक शून्य, जावक चालू. खातं रिकामं व्हायचंच." पुतण्या बिचारा मान डोलवत होता. वहिनी दारामागून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पण भाऊजी, दसऱ्यापर्यंत चांगले होते की हो!" बायकांना शास्त्र कळत नाही, असं तेव्हा मला वाटलं.

मग व्यवहार आला. कपाटाच्या किल्ल्या अण्णांच्या करदोट्याला असायच्या. त्या ते झोपले असताना पुतण्यानं काढून घेतल्या. वाईट हेतूनं नव्हे, हरवतील म्हणून. पासबुक माझ्याकडे आलं. खात्याला पुतण्याचं नाव जोडावं म्हणून बँकेतून फॉर्म मीच आणला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मी मारली. अण्णांनी सही केली. ती नेहमीसारखी आडव्या ओळीत न जाता पायऱ्या उतरल्यासारखी खाली खाली गेली आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरं आलीच नाहीत.

काउंटरवरच्या पोरानं फॉर्म परत केला. म्हणाला, "काका, सही जुळत नाही."

मी चिडलो. ३६ वर्षं मी हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं, आणि हा कालचा पोरगा मला ऐकवत होता. मी आवाज चढवून म्हटलं, "अरे, वय झालंय त्यांचं!" पोरगा शांतपणे म्हणाला, "वय झालं की सही थरथरते, काका. ही थरथरत नाहीये. ही वेगळीच आहे." मी तणतणत घरी आलो. सही ताडून बघण्याचा पगार ज्यानं आयुष्यभर घेतला, त्याला सख्ख्या भावाची सही बदललेली दिसली होती आणि त्याचा अर्थ कळला नव्हता. तो एका पोराला अर्धा कळला होता. उरलेला अर्धा कळला आमच्या न्हाव्याला.

तो संक्रांतीच्या आधी अण्णांची दाढी करायला घरी आला. अण्णा खुर्चीत बसले. तो दोनदा म्हणाला, "अण्णा, मान सरळ धरा." मान पुन्हा डावीकडे कलली. तिसऱ्यांदा त्यानं हातानं सरळ केली, ती पुन्हा कलली. साबण लावताना त्यानं ओठाच्या कडेकडे नीट पाहिलं. मग वस्तरा मिटून ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"नाना, राग नका धरू. अण्णा कुठं आपटले का?"

"नाही रे. वय झालंय."

"वय झालं आसंल," तो म्हणाला, "पर म्हातारपण दोन्हीकडनं येतंय नाना. ह्यांचं एकाच बाजूनं आलंया."

वहिनी ओसरीवर तीळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. "लक्ष्मीपूजन," त्या म्हणाल्या. "गणेशपट्टी."

त्याच दुपारी आम्ही गाडी केली. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीला निघालेल्या पालख्या यांच्यामधून वाट काढत, दर खड्ड्याला अण्णांचं डोकं मांडीवर धरून, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. तिथं डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत उजवीकडे, मेंदू आणि हाड यांच्यामध्ये, एक चंद्रकोर दिसत होती. दिसायला देखणी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुतण्याच्या वयाच्या. त्यांनी नाव सांगितलं : क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. मग आमचे चेहरे बघून मराठीत सांगितलं.

"काका, भुईमुगाची ओली शेंग फोडलीत तर दाणा टरफलाला घट्ट भरलेला असतो की नाही? शेंग वाळली की दाणा आकसतो आणि आत खुळखुळतो. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. टरफल तेवढंच राहतं. मधे जागा होते. मेंदूवरून वरच्या वेष्टनाकडे काही बारीक शिरा जातात, त्या या जागेत ताणल्या जातात, दोन खांबांमधल्या दोरीसारख्या. तरुणपणी ज्या धक्क्याचं काही वाटलं नसतं, त्यानं म्हातारपणी एखादी शीर तुटते. रक्त एकदम येत नाही, पाझरतं. मधे मोकळी जागा असल्यानं दोन-तीन आठवडे, कधी दोन महिनेसुद्धा, काही कळत नाही. मग दाब पडायला लागतो. त्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?"

होती. हृदयासाठी रोज एक. मीच आणून देत होतो.

"आणि उजवीकडे रक्त असून डावी बाजू का गेली?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. एवढं शाळेत शिकवतात म्हणे. आमच्या वेळी असेल, मी विसरलो असेन.

मग मी माझा जुना ठेवा काढला. "पण डॉक्टर, रोज लाख पेशी मरतात ना? मला वाटलं तेच असेल." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बँकेत, रद्द झालेली नोट घेऊन आलेल्या माणसाकडे पाहत असे. म्हणाल्या, "काका, ते फार जुनं झालं. यांच्या पेशी मेलेल्या नाहीत. दबलेल्या आहेत. उद्या वजन काढू, मग बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कवटीला बटणाएवढी दोन भोकं पाडली आणि आतलं पाणी झालेलं रक्त काढलं. पुतण्यानं ते कसं दिसत होतं विचारलं, तर ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलसारखं, असं उत्तर आलं. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. माझ्या पिशवीत तो परत आलेला फॉर्म होता. काय करावं सुचत नव्हतं म्हणून मी तो उलगडून बघत होतो. वरच्या कोपऱ्यात जुनी सही छापलेली, खाली नवी. एक सरळ चाललेली, एक जिना उतरणारी. दोन महिने हा माणूस एका कोपऱ्यात दबून पाणी सुटलं का म्हणून हाका मारत होता, आणि आम्ही त्याच्या कमरेच्या किल्ल्या सोडवत होतो.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे नीट उघडले. इकडे तिकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू इथं काय करतोस? बँकेला सुट्टी हाये का?"

माझ्या पोटात गोळा आला. पुतण्यानं मान फिरवली. एवढ्यात तेच म्हणाले, "हां, तू तर रिटायर झालास. सोळा साली. पाटाला पाणी सुटलं का?" आणि करदोट्याकडे हात नेऊन, "किल्ल्या कुठंयत?"

पुतण्यानं खिशातून किल्ल्या काढून त्यांच्या उजव्या हातात ठेवल्या. कोणी काही बोललं नाही. अण्णांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त मोजल्या. पाच होत्या, पाच भरल्या.

घरी आल्यावर मी ते मासिकातलं ज्ञान काढून टाकलं आणि नव्यानं वाचायला बसलो. निवृत्त माणसाला अपराधी वाटलं की तो वाचतो. तर असं आहे, की माणसाच्या मेंदूत पेशी किती, हे लोक बरीच वर्षं अंदाजानंच सांगत होते. शंभर अब्ज, असा गोल आकडा. ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर दान आलेल्या मेंदूची चक्क एकजीव आमटी केली, ती सारखी ढवळली आणि तिच्या थेंबाथेंबातले पेशींचे गाभे मोजले. २००९ साली त्यांनी आकडा दिला : सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी. हे मी सौभाग्यवतींना जेवताना सांगितलं. त्या दिवशी आमटी उरली.

मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. समजा, ती जुनी अफवा खरी धरली आणि रोज एक लाख पेशी बुडाल्या. तर अण्णांच्या ७८ वर्षांत बुडाल्या सुमारे २८५ कोटी. ८,६०० कोटींत शेकडा साडेतीनसुद्धा नाही! बुडीत कर्जाचं एवढं प्रमाण असतं तर आमच्या वेळच्या मॅनेजरनं शाखेत पेढे वाटले असते. आणि एवढी साधी त्रैराशिकाची आकडेमोड मी चाळीस वर्षांत केली नव्हती. त्यातून ती अफवाही खरी नाहीच. मोजण्याच्या पद्धती सुधारल्या तेव्हा असं दिसलं, की निरोगी म्हातारपणात पेशींची संख्या फारशी घटतच नाही.

मग घटतं काय? हे मला आमच्या शेतावरून समजलं. प्रत्येक पेशी म्हणजे एक झाड समजा. तिला डहाळ्या असतात, डहाळ्यांवर बारीक अंकुर असतात, आणि तिथं शेजारच्या झाडाशी तिची देवाणघेवाण चालते. वय वाढतं तशी झाडं उभीच राहतात. डहाळ्या विरळ होतात, अंकुर गळतात. एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणाऱ्या तंतूंना जे स्निग्ध वेष्टन असतं ते जागोजाग झिजतं, आणि निरोप रमतगमत पोचतो. म्हणून नाव आठवत नाही, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर, त्या माणसाचं काही काम उरलेलं नसताना, एकदम आठवतं. पेशीच्या आत एक पिवळट तपकिरी कीटही साचत जातं, वर्षानुवर्षं चुलीवर चढणाऱ्या पातेल्याच्या बुडाला साचतं तसं. पातेलं बदलता येत नाही. जन्मताना मिळालेल्या पेशींपैकी बहुतेक आपल्याबरोबरच शेवटपर्यंत राहतात.

इजेचं प्रकरण वेगळं. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो. मेंदूच्या पेशीला खोडवा नाही. स्पेनचे सान्तियागो रामोन ई काहाल हे यातले आद्य पंडित. पेशी कशी दिसते हे त्यांनी आयुष्यभर हातानं चितारलं आणि १९०६ साली नोबेल पारितोषिक इटलीच्या गोल्जींबरोबर वाटून घेतलं. ज्यांच्याबरोबर घेतलं त्यांचं आणि यांचं पटत मात्र नव्हतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत एकदा तुटलेलं पुन्हा जुळत नाही, असं काहाल म्हणून गेले आणि ते बव्हंशी खरं निघालं. हाताच्या बोटाची नस तुटली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या बैलगाडीच्या चालीनं पुन्हा वाढते. कोपरापासून बोटापर्यंत यायला तिला वर्षाहून जास्त लागतं, पण ती येते. मेंदूत तसं होत नाही. तिथं मार लागला की चांदणीच्या आकाराच्या मदतनीस पेशी धावतात आणि जखमेभोवती कुंपण घालतात. कुंपणानं पलीकडचं शाबूत राहतं, आणि त्याच कुंपणामुळे तुटलेल्या तंतूला वाटही मिळत नाही. स्मरणाच्या एका कोपऱ्यात म्हातारपणीही नवी पेशी उगवते की नाही, यावर पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

पण खोडवा नसला तरी शेजार असतो. एक चारी बुजली तर पाटकरी दुसऱ्या चारीनं पाणी फिरवतो, तसं उरलेल्या पेशी नव्या डहाळ्या काढून गेलेल्यांचं काम थोडंफार उचलतात. वापरलेली वाट रुंद होते. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना तिथले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग मागच्या बाजूला इतरांपेक्षा मोठा असतो, असं २००० साली दिसून आलं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या पाटकऱ्याचा फोटो काढा म्हणावं."

खऱ्या विस्मरणाच्या रोगाची गोष्टही मी वाचली. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या बाईच्या मेंदूवरून १९०६ साली हा रोग सांगितला, ती दवाखान्यात आली तेव्हा पन्नाशीत होती. म्हणजे तिथंही नुसतं वय हे उत्तर नव्हतंच. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७४ साली एका हाकेसरशी देशभरची रेल्वे थांबवली होती. त्यांनाच हा रोग झाला आणि पुढं ते लोकांतून नाहीसे झाले, २०१९ साली गेले. त्या रोगाला आजही मुळातून घालवणारं औषध नाही. पण डॉक्टरीणबाईंनी निघताना मला बजावलं होतं, "काका, विस्मरण दिसलं की आधी जे बरं होतं ते शोधायचं. डोक्यातलं रक्त, थायरॉइड, बी-ट्वेल्व्हची कमतरता, चुकीच्या गोळ्या, मनाचं खचणं. हे सगळं बघून झालं की मग बाकीचं. आणि जे आठवड्या-महिन्यात बदललं, ते वय नव्हे. वय इतकं घाईत नसतं."

वहिनींनी हेच विचारलं होतं. दसऱ्यापर्यंत चांगले होते की हो!

अण्णा पूर्ण पहिल्यासारखे झाले असं मी म्हणणार नाही. डाव्या हाताची बोटं अजून जरा आळशी आहेत. बाईंनी व्यायाम सांगितला होता. अण्णांनी त्याऐवजी रोज संध्याकाळी डाव्या हातानं शेरभर शेंगा फोडायचा नेम धरला. आता शेंगा पोरांपेक्षा लवकर फुटतात. दिवाळी ते संक्रांत ही पानं मात्र कोरीच आहेत. त्या काळात कोण भेटायला आलं, कोण काय बोललं, ते आम्हाला विचारतात. आम्ही सांगतो. सगळं सांगत नाही. तो फॉर्म मी फाडला. पुढं अण्णांनी आपण होऊन बँकेत जाऊन पुतण्याचं नाव खात्याला जोडलं. काउंटरवर तोच पोरगा होता, आणि सही जुळली. मी त्याला पेढा दिला. कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही.

यात्रेला अण्णा मला म्हणाले, "अडुसष्ट साली आठ आणे हरवलेस." मी दरवर्षी यावर चिडतो. त्या वर्षी मी म्हटलं, "हो, अण्णा. पाळण्यात." ते माझ्याकडे संशयानं बघत राहिले. मला काही झालंय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

कोठीच्या दाराला मी जुन्या गादीचा एक पट्टा ठोकून घेतला. ठोकत असतानाच माझं डोकं तिथं आपटलं, कारण मी खुर्चीवर उभा होतो आणि उतरताना विसरलो. तेव्हापासून घरात एक नवाच जाच सुरू झाला आहे. पूर्वी मी काही विसरलो की 'वय झालं' म्हणून सोडून देत. आता सोडत नाहीत. कोणाचं नाव आठवलं नाही की पुतण्या म्हणतो, "काका, दोन्ही हात वर करा." मोबाईल सापडत नाही म्हटलं की वहिनी म्हणतात, "भाऊजी, सरळ रेषेत चालून दाखवा बरं." न्हावी माझी मान दोनदा तपासतो.

काल मी मधल्या खोलीत कपाटासमोर उभा होतो. सौभाग्यवती कागद आणि पेन घेऊन आल्या. "अहो, सही करा."

मी केली. त्यांनी ती जुन्या पासबुकाशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर जुळली.

"मग इथं कशाला आला होतात?" त्यांनी विचारलं.

मी खूप आठवून पाहिलं.

"काही नाही गं," मी म्हटलं. "वय झालं."